‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ कुणाच्या हाती सोपवू?

पत्र थोडक्यात असं : सिंधुदुर्गातले एक वाचक, पन्नाशी ओलांडलेले. कॉलेजात संगणक प्रयोगशाळा सांभाळतात, घरची हापूसची बाग आहे. २०१० साली तालुक्याच्या वाचनालयाची जुनी ग्रंथसूची युनिकोडमध्ये आणायची होती. ती टाइप केलेली एका जुन्या मराठी फॉन्टात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून त्यांनी पायथॉन या संगणकभाषेत एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅमांत वापरता येईल असा तयार कोड, लिहिली आणि एमआयटी परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली केली. पुढे ती छापखान्यांनी, एकदोन प्रकाशकांनी, विद्यार्थ्यांनी उचलली, आणि फॉन्ट वाढत अकरावर गेले. आज साठेक तक्रारी उत्तराविना पडून आहेत. आई अंथरुणाला खिळलेली, स्वतःच्या डोळ्यांचा त्रास वेगळा. गेल्या सहा महिन्यांत एका अनोळखी माणसाने बऱ्याच दुरुस्त्या पाठवल्या. टोपणनाव, फोटो नाही, काम मात्र चोख. आता तो म्हणतो, नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचे हक्क मला द्या, नाहीतर मी फोर्क करतो, म्हणजे कोडची प्रत घेऊन आपला वेगळा प्रकल्प काढतो. त्याच सुमारास आणखी दोन अनोळखी नावांनी ‘प्रकल्प मेलाय, सोपवा एकदाचा’ अशी टोचणी लावली आहे. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला भाचा म्हणतो, बंद करून टाक. बायको म्हणते, “बागेची फवारणी कोण करतलो?” वाचक विचारतात : अनोळख्याला देऊ, भाच्याच्या गळ्यात घालू, की कुलूप लावू? आणि शेवटी एक ओळ : ‘माझं नाव राहील का, हे विचारायला लाज वाटते, पण विचारतो.’

नमस्कार,

लाजेचं आधी उरकू, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. एमआयटी परवान्याची अटच मुळी एवढीशी आहे : कोड घ्या, बदला, विका, पण वरची हक्काची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. त्या ओळीत तुमचं नाव आहे. उद्या कुणीही देखभाल केली, कुणी फोर्क केला, तरी ते नाव काढायची मुभा त्याला नाही. सोळा वर्षं राबलेल्या माणसाने नावाचं विचारलं तर त्यात लाज कसली? आपल्याकडे विहिरीच्या कठड्यावरसुद्धा बांधणाऱ्याचं नाव कोरतात.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात ‘अपराधी’ हा शब्द चार वेळा आलाय. मी मोजला. तो कुठून आला याचा विचार करताना मला वाटलं, तुम्ही तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, फोर्क म्हणजे संकट. दोन, लायब्ररीला वारस हवाच. तीन, सोपवणं म्हणजे एका दिवशी किल्ली काढून हातात देणं. यातलं एकही मला पटत नाही.

फोर्कपासून सुरुवात करते. कोकणात जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची म्हटलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “कूळ लागेल हो!” फोर्कबद्दलची तुमची धास्ती मला तशीच वाटली. अहो, तुम्ही २०१० सालीच ती जमीन गावाला देऊन टाकलीत. फोर्क करायला त्याला तुमची परवानगी लागत नाही, तेव्हा ती धमकी म्हणून घेऊच नका. करू दे. फोर्क झाला तर त्याला पायपीआयवर, म्हणजे पायथॉन लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक कोठारात, नवं नाव घ्यावं लागेल. ज्याला तो हवा, तो स्वतः ठरवून ते नवं नाव आपल्या यादीत लिहील. निवड वापरणाऱ्याची.

प्रसिद्धीचे हक्क दिलेत तर मात्र उलट होतं. ‘पिप इन्स्टॉल’ म्हणणारा, म्हणजे त्या कोठारातून लायब्ररी उतरवून घेणारा प्रत्येकजण, आणि त्या छापखान्यांत रात्री आपोआप चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट, त्या माणसाच्या हाती जाते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांनी विश्वास टाकलेला असतो तुमच्यावर, आणि तो तुम्ही परस्पर दुसऱ्याच्या नावे करून मोकळे होता. म्हणून काम आणि किल्ली या दोन गोष्टी वेगळ्या धरा. काम कुणालाही द्या, आजच द्या, अनोळख्यालाही द्या. किल्लीची घाई नको.

माझ्या मामाने एकदा बाग तीन वर्षांसाठी खंडाने दिली होती. घेणारा बोलायला गोड, हिशोबाला चोख. पहिली दोन वर्षं पीक असं आलं की मामा म्हणाला, आपल्याला कधी जमलं नाही ते याने करून दाखवलं. तिसऱ्या वर्षी कलमं वाळायला लागली तेव्हा कळलं. दरवर्षी मोहोर यावा म्हणून बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल घालतात. ते मापात, झाडाचा विस्तार बघून घालायचं, सोबत खतपाणी सांभाळायचं. याने माप सोडलं होतं, कारण चौथ्या वर्षी ती झाडं त्याची नव्हती. मामाला पीक दिसत होतं. बुंध्याशी काय चाललंय ते बघायला तो वर्षातून एकदा, मे महिन्यात यायचा.

सॉफ्टवेअरच्या जगात असं घडलेलं आहे, आणि तुमच्या पत्राशी ते इतकं मिळतंजुळतं आहे की मी पत्र दोनदा वाचलं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, बहुतेक लिनक्स संगणकांत असणारी. लासे कॉलिन नावाचा एक माणूस ती वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता. २०२१ च्या अखेरीपासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी चांगल्या दुरुस्त्या पाठवू लागलं. २०२२ मध्ये वेगळ्याच नावांची माणसं कॉलिनच्या मागे लागली : काम रेंगाळलंय, दुसऱ्याला का देत नाहीस? त्याने मोकळेपणी सांगितलं की आपली मनःस्थिती बरी नाही, आणि हे हौसेचं, बिनपैशाचं काम आहे. हळूहळू हक्क जिया टॅनकडे गेले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे जायच्या सोयीने) आत शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खणत गेला, आणि २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. बहुतेक स्थिर लिनक्स आवृत्त्यांत ते पोचायच्या आत. अर्ध्या सेकंदावर निभावलं.

तुमचा सहकारी तसाच आहे असं मी म्हणत नाही. टोपणनाव हा या जगात गुन्हा नाही. नोकरीच्या ठिकाणी कळू नये म्हणून, किंवा मुलीच्या नावाने लिहिलं की नको ते मेल येतात म्हणून, कितीतरी जण टोपणनाव घेतात. सांगलीतली एखादी विशीतली पोरगीही असेल ती. पण ‘मेलाय, सोपवा’ म्हणणाऱ्या त्या दोघांनी आजवर एक तरी ओळ पाठवली आहे का? एक तरी तक्रार नीट लिहिली आहे का? नसेल तर त्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. ज्याने हात लावलेला नाही त्याची घाई आपण का वाहायची?

आणि हे फक्त लबाडांचं राज्य आहे असंही नाही. थकलेल्या माणसाची चूक जास्त वेळा घडते. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टमधल्या इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या लायब्ररीच्या कर्त्याने, डॉमिनिक टारने, ती एका अनोळखी माणसाला देऊन टाकली. त्याने मेल करून मागितली म्हणून. टार स्वतः ती कित्येक वर्षं वापरतही नव्हता. नव्या माणसाने एक छोटीशी अवलंबिता, म्हणजे तिच्यासोबत आपोआप येणारी दुसरी लायब्ररी, जोडली आणि तिच्यातून एका बिटकॉइन पाकिटाच्या वापरकर्त्यांवर डल्ला मारायची सोय केली. टारला लोकांनी शिव्या दिल्या. मला त्याची बाजू समजते. दारात कुणीतरी आलं, म्हणालं, मी वाहतो हे ओझं. तुमच्याइतका दमलेला माणूस आणखी काय करील?

म्हणून तुमच्यासाठी, आणि अशाच एखाद्या जुन्या प्रकल्पाखाली वाकलेल्या इतरांसाठी, मी काय करीन ते सांगते.

सगळ्यांत आधी रीडमीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीपानाच्या, माथ्यावर तीन ओळी टाका, मराठीत आणि इंग्रजीत : नव्या सुविधा येणार नाहीत, गंभीर चुका तेवढ्या दुरुस्त होतील, उत्तराला महिना लागू शकतो, हात हवेत. साठ तक्रारींचं निम्मं ओझं या तीन ओळींनी उतरतं, कारण ओझं कामाचं कमी आणि न बोललेल्या वचनाचं जास्त असतं. ज्या तक्रारी पायथॉन २ बद्दलच्या आहेत त्या सरळ बंद करा. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तुम्ही एकट्याने तो का चालू ठेवायचा?

मग रेपो, म्हणजे कोडची मूळ जागा, तुमच्या वैयक्तिक खात्यातून काढून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर एक संस्था-खातं उघडून त्यात हलवा. फुकट आहे, आणि जुने दुवे आपोआप नव्या जागी वळतात. वैयक्तिक खात्यात सहकाऱ्याला द्यायचे हक्क मोजकेच. संस्थेत पायऱ्या असतात. अनोळखी सहकाऱ्याला पहिली पायरी द्या, तक्रारी लावून ठेवायची, म्हणजे ट्रायाजची. कंटाळवाणं काम आहे, आणि म्हणूनच द्या. त्यानंतर लिहायचे हक्क, पण मुख्य शाखेत दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय काही जाणार नाही या अटीवर. पायपीआयवर मात्र एवढ्यात काही देऊ नका. तिथे ‘ओनर’ आणि ‘मेंटेनर’ अशा दोन भूमिका आहेत, आणि पुष्कळांना वाटतं की मेंटेनर म्हणजे किरकोळ. तसं नाही, मेंटेनरलाही नवी आवृत्ती चढवता येते.

मग आवृत्त्या रखडणार का? नाही. पायपीआयची ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ ही सोय वापरा. आवृत्ती कुणाच्या लॅपटॉपवरून चढतच नाही. उघड्या रेपोतल्या कोडपासून गिटहबचं यंत्र ती बांधतं आणि चढवतं, आणि त्या पायरीला तुमच्या मंजुरीची अट लावता येते. सगळी तयारी त्याने करायची, तुम्ही बदल वाचून एक बटण दाबायचं. बागेत फवारणी चालू असतानाही फोनवरून होतं हे. यात आणखी एक फायदा आहे. एक्सझेडच्या प्रकरणात चोरदरवाजा उघडणारी स्क्रिप्ट रेपोत नव्हतीच, फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती. उघड्या कोडपासून यंत्राने बांधलेल्या आवृत्तीत ही पळवाट पुष्कळ आवळली जाते.

किती दिवस थांबायचं, असं तुम्ही विचाराल. वर्षभर तरी, दोनतीन आवृत्त्या एकत्र करून. पण खरं सांगायचं तर नुसतं थांबणं पुरत नाही; जिया टॅन दोन वर्षांहून जास्त थांबला होता. उपयोग होतो तो तिसऱ्या डोळ्यांचा. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा खांदा बदलायचा असला तरी आधीचा माणूस सटकत नाही. नवा खांदा खाली आला, भार बसला की मग तो बाजूला होतो, आणि पुढेमागे बाकीचे असतातच. दोघांतच देवघेव झाली तर ती किल्ली झाली. तिघे-चौघे हवेत.

ते तिघे-चौघे कुठून आणायचे? इथे मला तुमचा थोडा राग आला. ज्या छापखान्यांचं आणि प्रकाशकांचं काम तुमच्या कोडवर चालतं, त्यांना तुम्ही सोळा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. एक मेल लिहा : तुमच्याकडचा प्रोग्रॅमर महिन्यातून एक दिवस या कामाला द्याल का? नाहीच म्हणतील फार तर. पण त्यांना हेच ठाऊक नसेल की यामागे कुणी माणूस आहे, आणि त्याची आई आजारी आहे. जगभर हेच चित्र आहे. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघडकीला आली, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांच्या ध्यानात आलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप मूठभर माणसं, वर्षाला जेमतेम २००० डॉलरच्या देणग्यांवर सांभाळतायत. 

भाच्याचं काय? त्याला ही लायब्ररी देऊ नका. त्याने मागितलेली नाही, आणि वारसाहक्काने मान मिळतो, आवड मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळं काम आहे. पायपीआयवर आणि गिटहबवर दुपदरी सुरक्षा असते. तिचे रिकव्हरी कोड, म्हणजे अडचणीत खातं उघडायचे आकडे, कागदावर छापा, पाकिटात घाला, बँकेच्या कागदांबरोबर ठेवा, आणि भाच्याला सांगा की ते कुठे आहे आणि उघडल्यावर काय करायचं. त्याने फक्त शेवटचं कुलूप लावायचं. एवढं तो आनंदाने करील.

आता दुसऱ्या गृहीतकाकडे येते, वारस हवाच का? तुमची लायब्ररी जुन्या फॉन्टातला मजकूर बदलते. नवा मजकूर आता थेट युनिकोडमध्येच लिहिला जातो. म्हणजे तुमच्या कामाचा साठा मोठा असला तरी संपणारा आहे. एखादं सॉफ्टवेअर मेलेलं नसतं, नुसतं पुरं झालेलं असतं, ही शक्यता आपण विचारातच घेत नाही.

पण तुमच्या डोक्यात जे आहे ते अजून कुठेच उतरलेलं नाही, आणि मला काळजी आहे ती त्याची. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार शेवटी टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये तो ‘र्’ म्हणून आधी जातो, आणि मध्ये जोडाक्षर आलं की किती घरं मागे न्यायचा हे ठरवावं लागतं. त्यात पुन्हा ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एकात समुद्र, दुसरीत सह्याद्री. एका फॉन्टात हा फरक नीट, दुसऱ्यात टायपिस्टच्या मर्जीवर. हे तुम्ही हजारो पानं डोळ्यांखालून घालून शिकलात. ते कोडमध्ये अर्धवट आहे, बाकी ‘इथे हात लावू नये’ अशा शेऱ्यांत.

ते बाहेर काढा. अकरा फॉन्टांचे तक्ते पायथॉनमधून वेगळे करून साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवा, सोबत प्रत्येक फॉन्टाच्या शंभरेक जोड्या : जुना मजकूर असा, युनिकोड असा. कोड बरोबर चालतो का, याची तीच चाचणी. पायथॉन राहो वा जावो, उद्या दुसऱ्या कुठल्या भाषेत कुणी नव्याने लिहिलं तरी त्या फाइली चालतील. डोळ्यांना त्रास आहे, तेव्हा बोलून सांगा आणि कॉलेजातल्या एखाद्या मुलाकडून लिहून घ्या. प्रकल्प म्हणून त्याला गुणही मिळतील. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे. तिथे किती ग्रंथपाल आले नि गेले; पुस्तकाची नोंद उतरवलेली असली की नव्या माणसाला ते सापडतं. तुमची तर सुरुवातच एका सूचीने झाली होती.

हे करूनही वर्षाअखेरीला कुणी उभं राहिलं नाही, तर बंद करा, आणि ताठ मानेने करा. शेवटची आवृत्ती काढा, रेपो अर्काइव्ह करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता ठेवा. २०२५ च्या जानेवारीपासून पायपीआयवरही प्रकल्प अर्काइव्ह करता येतो. ज्यांना लागेल त्यांना तो मिळत राहतो, फक्त पुढे काही येणार नाही हे स्पष्ट दिसतं. वैतागून पुसून मात्र टाकू नका. २०१६ च्या मार्चमध्ये एकाने रागाने एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तशाच कोठारातून, लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची लायब्ररी काढून घेतली आणि जगभर हजारो प्रकल्प अडले. तुमच्यामागे तेवढे नसतील, पण कुठल्याशा छापखान्यात सोमवारी सकाळी कुणीतरी डोक्याला हात लावून बसेल.

त्या अनोळखी सहकाऱ्याला असं काहीतरी लिहा : ‘तुमचं काम मला आवडलं, त्यासाठी आभार. प्रसिद्धीचे हक्क मी सध्या कुणालाच देत नाहीये, हे तुमच्याबद्दल नाही. पुढच्या वर्षभरात तिघांचा गट करायचा विचार आहे, त्यात तुम्ही असावं असं वाटतं. सुरुवात तक्रारी लावण्यापासून आणि रफाराचे नियम लिहून काढण्यापासून करू. महिन्यातून एकदा अर्धा तास फोनवर बोलू. फोर्क करायचा असेल तर जरूर करा, मी रीडमीत दुवा देईन.’ नावगाव विचारू नका. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ बद्दल मात्र विचारा. याने खरेखोटेपणा सिद्ध होत नाही, पण ज्याला मजकुराची माया आहे त्याचं त्यावर काहीतरी ठाम मत असतं, आणि ज्याला नुसती किल्ली हवी त्याला कंटाळा येतो.

तो निघून गेला तर वाईट वाटेल. वाटू दे.

आणि हे सगळं पुढच्या महिन्यात केलंत तरी चालेल, एक काम सोडून. तुम्ही लिहिलंय की पायपीआयचं खातं अजून त्या जुन्या ईमेलवर आहे, ज्याचं डोमेन तुम्ही मित्राबरोबर घेतलं होतं आणि ज्याचं नूतनीकरण ‘बहुतेक तोच करतो’. २०२२ च्या मे महिन्यात सीटीएक्स नावाचं पॅकेज असंच गेलं : कर्त्याच्या ईमेलचं डोमेन संपलं, कुणीतरी ते विकत घेतलं, ‘पासवर्ड विसरलो’ वर टिचकी मारली आणि खातं त्याचं झालं. तेव्हा आज संध्याकाळी, फवारणीचा पंप धुऊन झाला की, आधी तो ईमेल बदला. मग त्या मित्राला फोन करा.